वाचकांचे प्रश्न : शिसे आणि मुलांचा मेंदू

शिशाच्या विषबाधेविषयी आलेल्या पत्रांपैकी, ज्यांतील प्रश्न अनेक घरांना लागू पडतील अशी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. मूळ पत्रे लांब होती. आशय न बदलता ती संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. माझे पती इन्व्हर्टरच्या आणि ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या उघडून त्यांच्या प्लेटा बदलण्याचे काम करतात. कामाची शेड घराला लागूनच आहे. मुलगा फिकट दिसतो म्हणून रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी शिसेही तपासायला सांगितले, ते १४ आले. मुलगा खातो, खेळतो, भरपूर बोलतो. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले. शिशासाठी मात्र औषध नको म्हणाले. अंगात विष असताना औषध का द्यायचे नाही? आणि त्याच्या मेंदूला इजा झाली असेल का? — एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. १४ म्हणजे एक डेसिलिटर रक्तात १४ मायक्रोग्रॅम शिसे. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुलाच्या रक्तात किती शिसे आढळल्यावर लक्ष घालावे याची जी पातळी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ मध्ये २५ ठेवली होती, ती १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ इतकी खाली आणली गेली. नव्या अभ्यासात दर वेळी आधीपेक्षा कमी शिशानेही होणारी हानी दिसत गेली. ३.५ च्या खाली सारे निर्धोक, असाही याचा अर्थ नाही. ज्याला सुरक्षित म्हणता येईल असे शिशाचे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते.

शिसे मेंदूत नेमके काय करते? आपल्या शरीराला कॅल्शियम हवे असते आणि शिशाचा कण रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमशी इतका मिळताजुळता असतो की, पेशींमधील कॅल्शियमचे मार्ग त्याला आत घेतात. लहान मुलांमध्ये रक्त आणि मेंदू यांमधला पडदाही त्याला पुरेसा अडवू शकत नाही. एका चेतापेशीने दुसरीला संदेश द्यायचा, तर तेथे योग्य क्षणी कॅल्शियम आत यावे लागते. शिसे या कामात ढवळाढवळ करते, त्यामुळे नको तेव्हा संदेश सुटतात आणि हवे तेव्हा ते क्षीण पडतात. शिकलेली गोष्ट पक्की होण्यासाठी चेतापेशींवरचे संदेश स्वीकारणारे जे प्रथिन विशेष महत्त्वाचे असते, त्याच्याही कार्यात शिसे अडथळा आणते. पहिल्या काही वर्षांत मेंदूत पेशींची असंख्य जोडणी होत असते आणि त्यांतली कोणती टिकवायची, कोणती गळू द्यायची याची निवड मुलाच्या अनुभवांनुसार चालू असते. नेमकी हीच निवड शिशामुळे बिघडते. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात जन्मापासून ज्यांच्या रक्तातील शिसे मोजले गेले होते, अशा व्यक्तींच्या मेंदूची छायाचित्रे त्या प्रौढ झाल्यावर घेण्यात आली. ज्यांच्या रक्तात बालपणी शिसे जास्त होते, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला भाग, कमी आढळले. लक्ष टिकवणे, मनाला आवर घालणे, पुढचा विचार करणे ही कामे या भागाची असतात.

मुलगा खेळतो, बोलतो, याचा आपल्याला आधार वाटणे साहजिक आहे. परंतु १४ या पातळीला डोळ्यांना दिसणारे लक्षण बहुधा नसतेच. पोटदुखी, बद्धकोष्ठ, सततची किरकिर ही लक्षणे सहसा याहून बऱ्याच वरच्या पातळीला दिसू लागतात. आकडी आणि बेशुद्धी त्याहूनही वर. निरनिराळ्या देशांतील सात दीर्घकालीन अभ्यासांमधील १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात रक्तातील शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक सरासरीने ३.९ गुणांनी घटलेला दिसला, तर १० वरून २० वर जाताना आणखी १.९ गुणांनी. म्हणजे पहिल्या थोड्या शिशानेच तुलनेने अधिक नुकसान होते. ही अनेक मुलांची सरासरी आहे. तिच्यावरून आपल्या मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही आणि वर्तवूही नये. मात्र १४ चे ७ आणि ७ चे ४ करण्यासाठी धडपडणे का आवश्यक आहे, ते तिच्यावरून कळते.

आता औषधाविषयी. शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत आणि मुलाच्या रक्तातील पातळी ४५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती द्यावीच लागतात. त्याखालच्या पातळीला ती उपयोगी पडतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील चार शहरांत २० ते ४४ पातळी असलेल्या ७८० लहान मुलांवर सक्सिमर या औषधाची रीतसर चाचणी झाली. औषध घेतलेल्या मुलांच्या रक्तातील शिसे उतरले. परंतु २००१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बुद्धी, वर्तन वा भाषा यांपैकी कशातही त्यांना औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा फायदा झालेला दिसला नाही, आणि पुढे ती मुले शाळेत जाऊ लागल्यावर केलेल्या तपासणीतही दिसला नाही. आपल्या डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे. आपल्या मुलाचा उपचार म्हणजे शिशाचा उगम बंद करणे. हे मी औषध नसल्यामुळे दिलेले सांत्वन म्हणून लिहीत नाही. या पातळीला खरोखर गुण येतो तो यानेच.

आणि तो उगम आपल्या पत्रात स्पष्ट दिसतो. बॅटरी उघडली की प्लेटांवरचा लेप सुकून त्याची बारीक करडी भुकटी होते. ती शर्टाच्या शिवणीत, नखांत, केसांत, चपलेच्या तळव्याला राहते. वडील घरी येतात, मूल धावत येऊन मांडीवर बसते आणि मग तोच हात तोंडात जातो. मोठी माणसे गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषून घेतात, लहान मुले मात्र निम्म्याच्या आसपास. म्हणून आपल्या पतींना पुढील गोष्टी आजपासून करायला सांगा. कामाचे कपडे आणि चपला शेडमध्येच राहाव्यात. मुलाला जवळ घेण्यापूर्वी डोक्यावरून अंघोळ व्हावी. ते कपडे वेगळ्या बादलीत धुवावेत आणि ते पाणी अंगणात किंवा परसात ओतू नये. घरात कोरडा झाडू मारू नये, त्याने भुकटी हवेत उडते; ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके प्रत्येक वेळी धुवावे. खाण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी मुलाचे हात साबणाने धुवावेत. शेडच्या आवारात त्याला मुळीच खेळू देऊ नये.

खरे तर शेड घरापासून दूर नेल्याशिवाय हा प्रश्न पूर्णपणे सुटणार नाही, आणि हे लिहिताना आपल्या पोटापाण्याचा प्रश्न मला दिसत नाही असे नाही. तरीही सांगणे भाग आहे. सेनेगलमध्ये डाकार शहरालगतच्या तियारॉय-सुर-मेर या वस्तीत बॅटऱ्यांचे शिसे मिसळलेली माती लोक चाळत असत. २००७ ते २००८ या काळात तेथे १८ मुले दगावली. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. प्लेटा निदान घराशेजारी वितळवल्या तरी जाऊ नयेत.

लोहाचे औषध नेमाने चालू ठेवा. शिसे हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते आणि लोह कमी असले की आतडी शिसे अधिक शोषतात, अशी ही दुहेरी अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे आपल्या राज्यात या मुद्द्याचे महत्त्व फार आहे. दूध, दही, नाचणी, डाळी, पालेभाज्या आणि त्यांच्या जोडीला लिंबू किंवा आवळा असा आहार द्या. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते, म्हणून मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नका. एक ते तीन महिन्यांत, शिरेतून रक्त घेऊन, पुन्हा तपासणी करा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचीच धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. रक्तातील शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, मात्र हाडांत साठलेले वर्षानुवर्षे राहून हळूहळू पुन्हा रक्तात उतरते. आकडा अपेक्षेपेक्षा सावकाश उतरला, तर आपले प्रयत्न वाया गेले असे समजू नका. मुलाशी भरपूर बोला, गोष्टी सांगा, अंगणवाडी चुकवू देऊ नका, आणि बोलणे, लक्ष, वागणूक यांकडे शाळेची पहिली काही वर्षे बालरोगतज्ज्ञांचे लक्ष राहील असे पाहा. घरात आणखी मुले असतील तर त्यांचे, आणि आपल्या पतींचेही रक्त तपासून घ्या.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. दुसरीच्या वर्गातील एक मुलगा एका जागी बसत नाही, काल शिकवलेले आज विसरतो. त्याचे घर भंगाराच्या गोदामांच्या वस्तीत आहे. हे शिशामुळे असेल, असे पालकांना सांगावे का? — एक शिक्षिका, मुंबई उपनगर

उत्तर : शिशामुळेच आहे असे सांगू नये, रक्त तपासून घ्या, असे अवश्य सांगावे. चंचलपणा आणि विसराळूपणा यांची कारणे पुष्कळ असतात : कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, रक्तक्षय, अपुरी झोप, घरातला ताण. यांतले काहीही शिशाचा शिक्का मारून झाकले जाऊ नये. मात्र आपण वस्तीचा विचार केलात, तो अगदी बरोबर आहे. बहुतेक डॉक्टरही घराच्या आसपास काय चालते, हे विचारत नाहीत.

या विषयाची सुरुवातच शाळेपासून झाली. विषबाधेतून मूल वाचले म्हणजे पूर्ण बरे झाले, असे पूर्वी मानले जाई. १९४३ मध्ये बोस्टनमधील रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी अशी बरी झाली म्हणून घरी पाठवलेली २० मुले पुन्हा शोधून काढली, तेव्हा त्यांतील १९ मुले शाळेत मागे पडलेली किंवा वर्तनाच्या अडचणीत सापडलेली आढळली. पुढे १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी, ज्यांना कधीच विषबाधा झाली नव्हती अशा पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमा केले. दातांत शिसे साठून राहते, त्यामुळे बालपणीच्या संपर्काचा तो भरवशाचा पुरावा ठरतो. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिचाचणी कमी भरली. आणि कोणाच्या दातांत किती शिसे आहे हे ठाऊक नसलेल्या वर्गशिक्षकांनी नेमक्या त्याच मुलांविषयी लक्ष विचलित होते, सूचना पाळता येत नाहीत, अशी नोंद अधिक वेळा केली होती. आपल्यासारख्या शिक्षकांच्या निरीक्षणाचे मोल त्यावरून लक्षात यावे.

मुंबईपुरते सांगायचे, तर १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्ली येथील तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रक्तातील शिसे तपासले गेले होते. त्यांपैकी १,०८१ मुलांच्या माहितीचा अभ्यास झाला, तेव्हा ७६ टक्के मुलांत ते ५ ते २० या दरम्यान होते, आणि गरीब घरांतील मुलांत अधिक होते. त्यानंतर २००० मध्ये देशभर पेट्रोलमधून शिसे गेले, ही मोठीच सुधारणा झाली. तरीही युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाने भारतात पाचहून अधिक पातळी असलेल्या मुलांची संख्या अंदाजे साडेसत्तावीस कोटी धरली आहे. त्यांतली कित्येक मुले आज शाळेच्या वर्गांत बसलेली आहेत आणि बहुतेकांच्या रक्ताची तपासणी झालेली नाही. या आकड्याने मला वर्षानुवर्षे अस्वस्थ केले आहे.

पालकांशी एकट्याने बोला, बाकीच्या मुलांसमोर वा पालकसभेत नको. तपासणीत काहीही निघो, मुलाला वर्गात पुढे बसवणे, सूचना तुकड्या-तुकड्यांनी देणे, हे आपण उद्यापासून करू शकता.

प्रश्न : आमच्याकडे पितळी भांड्यांना कल्हई लावून स्वयंपाक होतो, हळद बाजारातून सुटी येते, नातवाला शनिवारी मारुतीचा शेंदूर लावतो आणि डोळ्यांत काजळ घालतो. सून म्हणते, या सगळ्यात शिसे असते. आम्ही चार पिढ्या हेच केले. तिचे खरे का? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, सूनबाईंचे म्हणणे काही बाबतींत पूर्ण खरे आहे, काही बाबतींत अर्धे.

शेंदराविषयी शंका नको. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे. देवाला वाहायचे तर वाहा, पण नातवाच्या कपाळी लावू नका आणि डबी त्याच्या हाती लागू देऊ नका. शेंदूर लावलेला हात धुतल्याशिवाय त्याला भरवू नका. भांगात भरण्याच्या सिंदुराचीही शंका धरावी : अमेरिकेत न्यू जर्सी येथील दुकानांतून आणि आपल्याकडे मुंबई-दिल्लीतून घेतलेल्या ११८ नमुन्यांची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणी झाली, तेव्हा दोन्हीकडच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुन्यांत शिसे सापडले. काजळ घरी दिव्याच्या काजळीपासून धरलेले असेल तर त्यात शिसे येण्याचे कारण नाही, तरी तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत बोट घालणे डोळ्यांसाठीच बरे नाही. खड्याचा सुरमा मात्र पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो. तो घरात नको.

कल्हई शुद्ध कथलाची असेल तर काळजीचे कारण नाही. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाची कांडी फिरवली आणि कापसाने पुसून घेतली की लख्ख थर बसतो. कथील महाग, शिसे स्वस्त. त्यामुळे भेसळीचा मोह होतो आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. कल्हईवाल्याकडून कथील कोणते वापरतो हे विचारून घ्या, आणि चिंचेची आमटी, कढी, सोलकढी असे आंबट पदार्थ अशा भांड्यांत शिजवू किंवा साठवू नका, कारण आंबटात शिसे चटकन उतरते. नातवाचे दूध आणि वरण स्टीलच्या भांड्यात करा. भंगार वितळवून केलेल्या अॅल्युमिनियमच्या किंवा हिंडालियमच्या भांड्यांविषयीही सावध राहा. परदेशी पाठवलेल्या अशा काही भांड्यांतून शिसे उतरते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला आहे.

हळद मुळात निर्दोष. दोष येतो तो हळकुंडांना पॉलिश करताना पिवळेपणा यावा म्हणून लावलेल्या लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगामुळे. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढता काढता संशोधक थेट हळदीपर्यंत पोहोचले. तेथील प्रशासनाने २०१९ नंतर बाजारांत तपासणी आणि दंड सुरू केल्यावर शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. म्हणजे मनावर घेतले तर हे थांबवता येते, दोनच वर्षांत थांबवता येते. आपल्याकडे हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असणे कायद्याने वर्ज्य आहे. हळकुंड हातात घेतल्यावर भडक पिवळा रंग बोटांना लागत असेल तर ते घेऊ नका. मातकट, खडबडीत सालीचे हळकुंड अधिक विश्वासाचे. परवाना क्रमांक छापलेली बंद पाकिटातली हळद सुट्या हळदीपेक्षा बरी.

प्रश्न : मुलगी सारखी शिसपेन्सिल चावते. — एक वडील, नाशिक

उत्तर : पेन्सिलीच्या कांडीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते, शिसे नसते. बाहेरचा रंग चावला जाऊ नये एवढ्यासाठी सवय मोडावी. त्याहून, खिडकीच्या गजाचा किंवा जुन्या पाळण्याचा रंग ती चावत नाही ना, माती खात नाही ना, हे पाहा. माती खाणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन आणि शिसे दोन्ही तपासावे.

प्रश्न : आमचे घर जुना वाडा आहे. मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. त्याआधी खिडक्या-दारांचा जुना ऑइलपेंट खरवडून नवा रंग द्यायचा विचार आहे. काही धोका आहे का? — एक गृहस्थ, वाई

उत्तर : पत्र वेळेवर लिहिलेत. भिंतीच्या चुन्याची चिंता नाही. धोका दारे-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये आहे, त्यातही पिवळ्या, हिरव्या आणि लाल छटांत. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. वाड्याच्या चौकटींवर त्याआधीचे अनेक थर असणार. पॉलिश पेपरने कोरडे घासले किंवा ज्योतीने जाळून काढले, तर तीच भुकटी आणि धूर घरभर पसरतो. रंग शाबूत असेल, पोपडे सुटले नसतील, तर खरवडूच नका. स्वच्छ पुसून वरून नवा रंग द्या. पोपडे सुटले असतील तर लाकूड ओले करून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, निघालेला चुरा बांधून टाका, आणि नंतर फरशी, कट्टे, खिडक्यांच्या चौकटी दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसा. खिडकी उघडता-मिटताना जेथे लाकडाला लाकूड घासते, तेथे भुकटी सतत पडत राहते. त्या जागा आधी हाती घ्या. काम चालू असताना आणि सफाई पूर्ण होईपर्यंत मुलीने त्या घरात राहू नये. काम लांबले तर तिचे येणे लांबवा.

याचे कारण असे की शिसे वारेतून थेट गर्भापर्यंत जाते. शिवाय गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर तिच्या बालपणी हाडांत साठलेले शिसेही रक्तात येते. म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तिने टाळू नयेत. दोन्ही एकाच वेळी न घेता काही तासांच्या अंतराने घ्याव्यात. ती याच वाड्यात लहानाची मोठी झाली असेल, तर प्रसूतितज्ज्ञांना तसे सांगून तिच्या रक्तातील शिसे एकदा तपासून घ्यावे. आईच्या रक्तातील पातळी फार मोठी नसेल तर अंगावर पाजणे थांबवण्याची गरज नसते. बाळ रांगू लागले की त्याचे हात दिवसभर फरशीवर आणि लगेच तोंडात असतात. बाळ-बाळंतीण तोवर आपल्याकडेच राहणार असतील, तर नवव्या ते बाराव्या महिन्याच्या दरम्यान बाळाचे रक्तही तपासा, आणि खिडक्यांखालची फरशी रोज ओल्या फडक्याने पुसत राहा.